तेरा सेकंदांचं अंतर

जगातली कुठलीही भूकंपसूची उघडली तर कोयनेचा मोठा भूकंप १० डिसेंबर १९६७ या तारखेखाली सापडतो. सातारा-सांगली-कोल्हापूरकडचा माणूस म्हणेल, छापणाऱ्यानं घोटाळा केलाय. पाटणचं खोरं हादरलं ते ११ डिसेंबरच्या पहाटे, ४ वाजून २१ मिनिटांनी, माणसं साखरझोपेत असताना. दोन्ही तारखा बरोबर आहेत. भूकंपशास्त्राचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालतं आणि तिथे तेव्हा आदल्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटं झाली होती. बाब किरकोळ वाटते खरी, पण जमिनीचे धक्के मोजायच्या कामात घड्याळाला लंबकाइतकीच किंमत आहे. जमीन किती हलली हा नंतरचा प्रश्न. ती कधी हलली, हे आधी सेकंदाच्या अंशापर्यंत कळावं लागतं.

या सेकंदांतून काय कळतं ते पाहायला कोल्हापूर जिल्ह्यातल्या इचलकरंजीचं गणित करून पाहू. कोयनानगरपासून हे गाव सरळ रेषेत साधारण ११० किलोमीटर. खडक तुटला की त्यातून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली खडकाला दाबत-सैल सोडत पुढे सरकते. तिला प्राथमिक किंवा ‘पी’ लहर म्हणतात आणि ती सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते. दुसरी, दुय्यम किंवा ‘एस’ लहर, खडकाला आडवं हलवत येते. तिचा वेग सेकंदाला साडेतीनच्या आसपास. म्हणजे कोयनेचा धक्का इचलकरंजीच्या मातीखाली पहिल्यांदा पोचतो अठरा सेकंदांनी आणि दुसऱ्यांदा, जास्त जोरानं, एकतीस सेकंदांनी. मधलं अंतर तेरा सेकंदांचं. या तेराला आठानं गुणलं की १०४ येतात, म्हणजे भूकंपाचं ठिकाण शंभरेक किलोमीटरवर आहे एवढं एकट्या यंत्रावरून कळतं. कुठल्या दिशेला, ते कळत नाही. त्यासाठी आणखी दोन ठिकाणची यंत्रं लागतात. तिन्हींभोवती आपापल्या अंतराची वर्तुळं काढायची. ती जिथे एकमेकांना छेदतात तिथे भूकंपाचं केंद्र. आज ही वर्तुळं संगणक काढतो, आणि खडकांच्या थरांप्रमाणे बदलणारे वेगही हिशेबात धरतो, पण पद्धतीचा गाभा तोच आहे.

मोजण्यातली मूळ अडचण वेगळीच. भूकंपात भिंत हलते, टेबल हलतं, टेबलावरचं यंत्र हलतं आणि यंत्रापाशी बसलेला माणूसही हलतो. मग हललं ते कशाच्या तुलनेत मोजायचं? यावर उपाय जडत्वाचा. एसटी गचका देऊन सुटते तेव्हा दांडा न धरता उभा राहिलेला प्रवासी मागे कोलमडतो; खरं तर तो आपल्या जागीच राहू पाहत असतो, त्याच्या पायाखालून गाडी पुढे निघून गेलेली असते. भूकंपमापकात या प्रवाशाचं काम एक टांगलेलं वजन करतं. चौकट जमिनीबरोबर हलते, वजन क्षणभर मागे राहतं, आणि दोघांमधला फरक म्हणजे जमिनीची हालचाल.

सांगायला सोपं, करायला अवघड. जमिनीची संथ हालचाल पकडायची तर लंबकही तितकाच संथ हवा. वीस सेकंदांत एक हेलकावा पुरा करणारा साधा लंबक करायचा म्हटलं तर त्याची दोरी जवळजवळ शंभर मीटर लांब घ्यावी लागते. कोयना धरणाची उंची १०३ मीटर आहे, म्हणजे धरणाच्या माथ्यावरून पायथ्याशी दोरी सोडण्यासारखाच हा प्रकार. एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरांनी यातून फार सुरेख वाट काढली. वजन दोरीला लटकवण्याऐवजी आडव्या दांडीच्या टोकाला बसवायचं, दांडीचं दुसरं टोक उभ्या खांबावर टोकदार टेकूला टेकवायचं, वरून तारेनं तोलायचं आणि खांब अगदी किंचित कलता ठेवायचा. कल जितका कमी तितका हेलकावा संथ. हातभर दांडीत शंभर मीटरच्या दोरीचं काम होतं! त्याच्या जोडीला हवं दमन, म्हणजे एकदा ढकललेला लंबक आपल्याच नादात हलत राहू नये म्हणून घातलेला अडसर. तेलात बुडवलेली पात किंवा चुंबकाच्या तोंडाशी धरलेला तांब्याचा पत्रा हे काम करतो. दमन नसेल तर एका धक्क्याची नोंद पन्नास धक्क्यांसारखी दिसते.

पुढची पायरी कागदाची. संगणक येण्यापूर्वी केंद्रांवर एक पिंप सावकाश फिरत असे. त्यावर गुंडाळलेला कागद रॉकेलच्या दिव्याच्या काजळीवर धरून काळा केलेला असायचा, आणि सुईचं टोक त्यावर पांढरी रेघ ओढत जायचं. दर मिनिटाला रेघेत एक खूण उमटे. घड्याळ पुढेमागे झालंय का, हे रेडिओवरच्या कालसंकेताशी ताडून पाहायचं. रोज ठरल्या वेळी कागद उतरवायचा, लाखेच्या पातळ रोगणात बुडवून वाळवायचा, नवा चढवायचा. हाताची बोटं काळी करणारी, कंटाळवाणी, नेमानं करायची नोकरी. महाराष्ट्रातलं भूकंपविज्ञान उभं राहिलं ते असे कागद चुकता न बदलणाऱ्या माणसांवर, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

कारण कोयनेत एक दुर्मीळ गोष्ट घडली होती. मोठा धक्का बसायच्या आधीपासूनच तिथे यंत्रं चालू होती.

शिवसागर जलाशयात पाणी साठू लागलं १९६२ पासून. थोड्याच काळात आसपासच्या गावांना लहान लहान हादरे आणि सुरुंग उडाल्यासारखे आवाज जाणवू लागले. दख्खनच्या पठाराची ख्याती तेव्हा ‘अचल भूभाग’ अशी. हिमालयात भूकंप होतात, इथे नाही, हे शालेय पुस्तकांपासून अभियंत्यांच्या आराखड्यांपर्यंत सगळीकडे गृहीत धरलेलं. अशा वेळी गावकऱ्यांच्या तक्रारी हवेत सोडून देणं सोपं होतं. तसं झालं नाही. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राच्या पुढाकारानं कोयनानगर, सातारा, महाबळेश्वर आणि चिपळूणजवळचं गोवळकोट इथे भूकंपमापक बसले. लहान हादरे जलाशयाच्या आसपासच एकवटलेत, हे आलेखांवर दिसू लागलं. सप्टेंबर १९६७ मध्ये पाचापेक्षा मोठा धक्का बसला, आणि तीन महिन्यांनी डिसेंबरचा.

त्या पहाटे कोयनानगरच्या वसाहतीत आणि आसपासच्या गावांत दगडामातीची घरं कोसळली. पावणेदोनशेहून जास्त माणसं दगावली, दोन हजारांवर जखमी झाली. कोयनेची वीज बंद पडल्यानं मुंबईच्या उद्योगांनाही फटका बसला. हादरा मुंबई, पुणे, गोव्यापर्यंत जाणवला. नाणेल, कडोली, डोणीचावाडा या भागात जमिनीला भेगा पडल्या. शास्त्रज्ञांच्या लेखांमध्ये ‘डोणीचावाडा प्रस्तरभंग’ हे नाव त्यानंतरच रूढ झालं. भूकंपाची तीव्रता आधी साडेसहा सांगितली गेली. आज बहुतेक ठिकाणी ६.३ धरतात.

धरणाच्या आतल्या बोगद्यात आणखी एक यंत्र होतं, त्वरणमापक. हे यंत्र एरवी झोपलेलं असतं आणि जोराचा धक्का बसला की जागं होऊन लिहू लागतं. साधा भूकंपमापक इतका नाजूक, की जवळच्या मोठ्या भूकंपात त्याची सुई कागदाबाहेर जाते. त्वरणमापक नेमक्या अशाच वेळेसाठी बनवलेला. कोयनेच्या या यंत्रानं धरणाच्या लांबीच्या दिशेनं गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट, आडव्या दिशेनं ०.४९ पट आणि वर-खाली ०.३४ पट त्वरण नोंदवलं. धरणाचा आराखडा करताना भूकंपासाठी धरलेला गुणांक होता ०.०५. या दोन आकड्यांची थेट तुलना करणं अभियंत्याला पटणार नाही, पण अंदाजात केवढा फरक पडला होता ते त्यातून कळतं. धरण फुटलं नाही. वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार बदलतो तिथे, आडव्या भेगा पडल्या. पुढे मागून काँक्रीटचा आधार देऊन ते बळकट केलं गेलं. काँक्रीटचं धरण मोठा धक्का खात असताना त्याच्या आतच नोंद झाल्याची अशी उदाहरणं तेव्हा जवळजवळ नव्हतीच. त्यामुळे कोयनेचा हा आलेख अमेरिकेपासून चीनपर्यंतच्या धरण-अभियंत्यांच्या हाती गेला. गणिती प्रारूप खरं उतरतं का, हे तपासायला आजही ‘कोयना धरण’ हे ठरलेलं उदाहरण आहे.

धरणामुळे भूकंप होतो का? पाटण तालुक्यातल्या चहाच्या टपरीवर या प्रश्नाला एका शब्दात उत्तर मिळतं. शास्त्रज्ञांचं उत्तर थोडं लांब आहे. जलाशय भूकंपाची ताकद निर्माण करत नाही. खडकात ताण आधीपासून साठलेला असतो. पाण्याच्या वजनानं आणि त्याहून अधिक म्हणजे भेगाभेगांतून खोल झिरपलेल्या पाण्याच्या दाबानं, एकमेकांवर घट्ट बसलेले खडक सुटे होतात आणि जो धक्का कदाचित कैक वर्षांनी बसला असता तो आज बसतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी आणि हरी नारायण यांनी १९७२ मध्ये कोयनेसह जगातल्या अशा जलाशयांची तुलना केली. आफ्रिकेतलं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता, चीनमधलं शिनफेंगच्यांग या ठिकाणीही पाणी भरल्यावर सहाच्या आसपासचे भूकंप झाले होते. कोयनेचा त्या सगळ्यांत मोठा.

इतर ठिकाणचे धक्के काही वर्षांत ओसरले. कोयनेत ते थांबलेच नाहीत. १९६७ नंतरच्या अर्ध्या शतकात इथे पाचाहून मोठे बावीसेक आणि चाराहून मोठे सुमारे दोनशे भूकंप झाले, तेही फक्त २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यात. त्याच्या भोवती पन्नास किलोमीटरपर्यंत दुसरं कुठलंही भूकंपस्थळ नाही. दक्षिणेला चांदोलीच्या वारणा जलाशयात १९८५ पासून पाणी साठू लागलं, आणि १९९३-९४ मध्ये धक्क्यांचा जोर तिकडे सरकला. वर्षातल्या काळाशीही नातं दिसतं: पावसाळ्यात जलाशय भरतो त्याच्या पाठोपाठ एक उसळी, आणि पाणी उतरू लागल्यावर डिसेंबरच्या आसपास दुसरी. आठवड्याला बारा मीटरच्या वर वेगानं पाणी चढलं की मोठ्या धक्क्याची शक्यता वाढते, असंही या नोंदींवरून गुप्तांनी मांडलं. कोयनेच्या १०५ टीएमसी साठ्याकडे इचलकरंजीकर पाहतो ते पुराच्या किंवा टंचाईच्या चिंतेनं; भूकंपाचा अभ्यासक त्याच आकड्याकडे आणखी एका कारणासाठी डोळे लावून बसलेला असतो.

जवळच्या भूकंपाची ही कथा. दूरच्या भूकंपाची कथा सुरू झाली ती अपघातानं. जर्मनीत पॉट्सडॅमला एर्न्स्ट फॉन रेबोर-पाश्विट्झ नावाचा खगोलशास्त्रज्ञ आडव्या लंबकावर गुरुत्वाकर्षणातले बारीक बदल शोधत होता. १८८९ च्या एप्रिलमध्ये एके दिवशी त्याच्या आलेखावर विनाकारण गडबड उमटली. काही काळानं त्याला एका विज्ञान-नियतकालिकात वाचायला मिळालं की त्याच दिवशी टोकियोत भूकंप झाला होता. अर्ध्या जगापलीकडचा धक्का पृथ्वीच्या पोटातून जर्मनीत पोचला होता आणि कुणालाही न जाणवता कागदावर उतरला होता.

पुढचा महत्त्वाचा अध्याय भारतातला. १२ जून १८९७ रोजी आसाम-शिलाँगचा प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याच्या युरोपातल्या नोंदी चाळल्या आणि १९०० साली दाखवून दिलं की आलेखात तीन वेगळ्या लहरी दिसतात: पी, एस आणि पृष्ठभागावरून येणारी तिसरी. सहा वर्षांनी त्याच ओल्डहॅमनी लहरींच्या उशिरावरून पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. आसामातली घरं पाडणाऱ्या लहरी पृथ्वीच्या अंतरंगाची पाहणीही करून आल्या होत्या.

त्या भूकंपानंतर सरकारला जाग आली. १८९८ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या अलिपूरला भारतातलं पहिलं भूकंप-केंद्र सुरू झालं आणि लवकरच मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही भूकंपशास्त्रज्ञ जॉन मिल्न यांच्या पद्धतीचा भूकंपमापक बसला. कुलाब्याचे तेव्हाचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. मुंबईसारख्या बंदरात बसवलेल्या यंत्रानं एक गंमत दाखवली. भूकंप नसतानाही रेघ बारीक थरथरत राही आणि पावसाळ्यात ही थरथर वाढे. १९३० साली कुलाब्याच्या सुधांशू कुमार बॅनर्जींनी या थरथरीचा संबंध खवळलेल्या समुद्राशी आणि वादळांशी जोडणारा शोधनिबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला. अरबी समुद्राच्या लाटा जमिनीला अखंड हलवत असतात. यंत्राच्या दृष्टीनं महाराष्ट्र पावसाळ्यात कधीच स्थिर नसतो.

आकड्यांचं प्रमाणही जरा समजून घ्यायला हवं. १९३५ मध्ये चार्ल्स रिश्टरनी कॅलिफोर्नियासाठी मोजपट्टी तयार केली. तिच्यात एक अंक वाढला की आलेखावरची हालचाल दहापट होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट. आपली वर्तमानपत्रं अजून ‘रिश्टर स्केल’च छापतात, पण मोठ्या भूकंपांसाठी शास्त्रज्ञ १९७० च्या दशकाअखेरीस आलेली वेगळी मोजपट्टी वापरतात, जिच्यात किती क्षेत्रफळाचा खडक किती सरकला याचा हिशेब असतो. २६ डिसेंबर २००४ चा सुमात्राचा भूकंप या पट्टीवर ९.१ होता. तो झाला भारतीय वेळेनुसार सकाळी ६ वाजून २९ मिनिटांच्या सुमारास. इचलकरंजीपासून तो साधारण पावणेतीन हजार किलोमीटरवर. पहिली लहर साडेपाच मिनिटांत या गावाखालून गेली, दुसरी दहाव्या मिनिटाच्या आसपास, आणि मागाहून आलेल्या पृष्ठलहरींनी गाव सेंटिमीटरच्या हिशेबात वर-खाली हललं. हेलकावा इतका संथ होता, की रविवारच्या सकाळी चहा पिणाऱ्याला कपातला चहा हललेलाही दिसला नसणार. सुनामी चेन्नईच्या किनाऱ्यावर पोचायला अजून बराच वेळ होता. लहरी समुद्राच्या लाटेपेक्षा कितीतरी वेगानं धावतात, हेच सुनामी इशाऱ्याचं मूळ भांडवल. त्यावर उभं राहिलेलं हैदराबादचं इशारा केंद्र २००७ मध्ये सुरू झालं.

इचलकरंजी आजवर या कथेत लहरींच्या वाटेवरचं गाव म्हणूनच येते. गावात भूकंपमापक ठेवायचा म्हटलं तर? गाव यंत्रमागांचं. साध्या यंत्रमागावर मिनिटाला सव्वाशेच्या आसपास धोटा मारला जातो, म्हणजे सेकंदाला दोन ठोके. जवळच्या भूकंपाच्या लहरी साधारण सेकंदाला एक ते दहा या कंपनांच्या पट्ट्यात येतात. मागाचा खटका बरोबर त्यातच बसतो. एका शेडमध्ये डझनभर माग, गल्लीत अशा कित्येक शेड, वर सायझिंगचे बॉयलर, सुताच्या गाठी आणि तागे वाहणारे टेम्पो. यंत्राची रेघ दिवसरात्र जाड काळ्या पट्ट्यासारखी दिसेल आणि कोयनेचा तीनचा धक्का त्यात कुठे गडप झाला, कळणारही नाही. त्यात पंचगंगेकाठची काळी, गाळाची माती. ती हालचाल फुगवून दाखवते. म्हणून केंद्रासाठी जागा शोधताना वस्ती, रस्ता, पाण्याचे पंप, मोठी झाडं यांच्यापासून दूर उघडा खडक पाहतात आणि यंत्राचा ओटा खोलीच्या फरशीला न चिकटवता थेट खडकावर बांधतात.

माणसाच्या या गोंगाटाचं माप एकदाच नीट घेता आलं. २०२० च्या टाळेबंदीत जगभरातल्या केंद्रांवरची माणसांमुळे होणारी थरथर काही ठिकाणी निम्म्यापर्यंत खाली आली. त्या वर्षी जुलैत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी घट शेकडो केंद्रांवर दिसली. यंत्रमागांची गावं त्या आठवड्यांत किती शांत झाली होती हे तिथल्या लोकांना आलेखाशिवायही ठाऊक आहे.

पण गावात शक्य नसलं तरी गावाजवळ शक्य आहे. हातकणंगले तालुक्यात आळत्याकडे रामलिंग-धुळोबाचे डोंगर आहेत. बेसाल्टचा खडक आणि मागांपासून अंतर, दोन्ही मिळतं. जगात हौशी भूकंपनिरीक्षकांची मोठी परंपरा आहे. १९७९ मध्ये अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकानं जेम्स लेहमन यांच्या आडव्या लंबकाची कृती छापली आणि ती वाचून अनेकांनी घराच्या तळघरांत यंत्रं बांधली. लोखंडी चौकट, पियानोची तार, शिशाचं वजन, चुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं, एवढाच संसार. लंबक हलला की चुंबकाजवळचं वेटोळं हलतं, त्यात नाममात्र वीज तयार होते, ती वाढवून संगणकाला द्यायची. इचलकरंजीत मोटारी रिवाइंड करणाऱ्या दुकानांत तार मिळते, ती हातानं गुंडाळणारे कारागीर मिळतात, आणि एक मिलिमीटरच्या चुकीवर भांडणारे फिटरही. ज्यांना हे उपद्व्याप नकोत त्यांच्यासाठी ‘रास्पबेरी शेक’सारखी तळहाताएवढी तयार यंत्रं निघाली आहेत, लहानशा संगणकाला जिओफोन, म्हणजे जमिनीची कंपनं टिपणारा संवेदक, जोडलेला, आणि नोंदी इंटरनेटवरून सगळ्यांसाठी खुल्या. एखाद्या शाळेनं डोंगरपायथ्याला असं यंत्र ठेवलं तर विद्यार्थ्यांना पी आणि एसमधले सेकंद मोजून ठिकाण हेरता येईल: दहा आले तर धक्का चांदोलीकडचा असू शकतो, तेरा आले तर कोयनानगरचा. आणि पेरू-चिलीत मोठा भूकंप झाला की वर्गात बसल्या बसल्या त्याची लांबलचक पृष्ठलहर पाहायची सोय. शाळेच्या प्रयोगवहीतल्या साध्या लंबकापेक्षा यात मुलं नक्कीच जास्त रमतील.

आधीपासून चालू असलेल्या यंत्राची किंमत कळते ती किल्लारीवरून. ३० सप्टेंबर १९९३, गणेशविसर्जनाची रात्र सरून पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ६.२ तीव्रतेच्या भूकंपानं सात हजारांहून अधिक माणसं मारली. कोयनेइतकीच ताकद, बळी कितीतरी जास्त. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. भूकंपाच्या धोक्याच्या तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पहिल्या विभागात होता. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरात, किल्लारी परिसराला चारच्या आसपासचा धक्का बसला होता, लहान हादऱ्यांची मालिका चालू होती, लोक घाबरून तक्रार करत होते. पण कोयनेसारखं यंत्रांचं जाळं तिथे नव्हतं. ते हादरे नेमके कुठून, किती खोलातून येतायत, हे सांगणारा कागदच अस्तित्वात नव्हता. शास्त्रज्ञ यंत्रं घेऊन किल्लारीत पोचले ते ढिगारे उपसले जात असताना, आणि त्यांच्या हाती लागले ते नंतरचे धक्के.

यंत्रं असती तर भूकंपाचं भाकीत झालं असतं, असा दावा कुणी करू नये. कोयनेत यंत्रं होती आणि भाकीत झालं नाही. पण कोयनेच्या नोंदींमुळे पुढच्या पन्नास वर्षांचा अभ्यास उभा राहिला, तर किल्लारीच्या खडकानं मोठ्या धक्क्याच्या आधी वर्षभर काय केलं याची नोंद कायमची हुकली. त्यानंतर मात्र द्वीपकल्पातली केंद्रं आधुनिक यंत्रांनी सजली, २००२ च्या नकाशातून पहिला विभागच काढून टाकला गेला, आणि आज दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र दीडशेहून अधिक केंद्रांवरून देशावर नजर ठेवतं. त्या २००२ च्या नकाशात कोल्हापूर तिसऱ्या विभागात पडतं, कोयना चौथ्या.

आता नजर जमिनीच्या आत वळली आहे. बारीक पट्ट्यात, कमी खोलीवर, वर्षानुवर्षं भूकंप होत राहणारी आणि जिथवर जाता येईल अशी जागा जगात विरळाच, म्हणून कोयनेत भूगर्भात खोल भोकं पाडायचं ठरलं. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची कूपनलिका भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा आहे. आधी दीड किलोमीटरपर्यंतची अनेक भोकं पाडली गेली आणि २०१७ पर्यंत गोठणे इथे तीन किलोमीटरची पथदर्शक कूपनलिका पुरी झाली. लाव्हाचा थर तिथे सुमारे सव्वा किलोमीटर जाड निघाला. त्याच्याखाली, मध्ये गाळाचा एकही थर न लागता, सरळ ग्रॅनाइटसारखा अतिप्राचीन खडक. काही भोकांत दीड किलोमीटर खोल, ग्रॅनाइटमध्ये, भूकंपमापक सोडले आहेत. तिथे ना टेम्पोचा आवाज पोचतो ना वाऱ्याचा; पृष्ठभागावर न दिसणारे बारीक हादरे तिथे स्पष्ट उमटतात. कोयनेचे बहुतेक धक्के मात्र या भोकांच्याही खाली, तीन ते आठ-दहा किलोमीटरच्या दरम्यान होतात.

या बारीक हादऱ्यांच्या गर्दीवरून पुढचा चारचा धक्का ओळखता येईल का, हा प्रयोगही झाला. मे २००६ मध्ये हर्ष गुप्ता आणि सहकाऱ्यांनी असा अंदाज आधी लिहून ठेवला आणि काही दिवसांतच ४.२ चा धक्का बसला. एक अंदाज खरा ठरला म्हणून शास्त्र सिद्ध होत नाही, हे तेही जाणतात. जपान आणि मेक्सिकोत चालतं ते यापेक्षा साधं: भाकीत करायचं नाही, खडक तुटल्यावर पहिली लहर टिपून दुसरी पोचायच्या आत दूरच्या शहरांना विजेच्या वेगानं इशारा द्यायचा. कोयनेच्या भोवतीच्या यंत्रांनी पाच सेकंदांत असा इशारा सोडला तर इचलकरंजीला पंचवीस सेकंद मिळतात. माग बंद करून शेडबाहेर पडायला तेवढे पुरतात. पण ११० किलोमीटरवर सहाच्या भूकंपानं इचलकरंजीचं फार बिघडणारही नाही. ज्यांचं बिघडेल त्या धरणाजवळच्या हेळवाक-कोयनानगरच्या घरांपाशी दोन्ही लहरी एक-दोन सेकंदांच्या अंतरानं येतात, इशारा तिथे पोचेपर्यंत भिंत हललेली असते. तिथल्या घराचं काय होणार हे आधीच ठरून गेलेलं असतं, दारं-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना फिरवलेला काँक्रीटचा पट्टा आहे की नाही, कोपऱ्यांत उभ्या सळ्या सोडल्यात की नाही यावर.